महिला कर्लिंग चॅम्पियनशिप स्टँडमध्ये बसून बघायची असेल तर, तिकिटापासून शेवटच्या दगडापर्यंत

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत नेऊन लांबच्या रंगीत गोलाच्या मध्याजवळ थांबवायचा खेळ. टीव्हीवर कॅमेरा दगडाच्या मागे मागे जातो त्यामुळे आपल्याला एकेक शॉट दिसतो, पण हॉलमध्ये जाऊन बसलं की अख्खा डाव कसा रचला जातोय ते दिसतं, कोण कुठे गार्ड (गोलाच्या पुढे आडोशाला ठेवलेला दगड) लावतंय, समोरची टीम त्याला काय उत्तर देतेय, स्किप म्हणजे टीमची कॅप्टन दोन शॉट पुढचं काय बघतेय. माझ्या मते कर्लिंगची खरी मजा तिथे आहे आणि त्यासाठी एकच सवय लावून घ्यायची, दगड सुटायच्या आधी स्किपचा ब्रूम (बर्फ घासायचा झाडू) बघायचा आणि शॉट काय असेल याचा मनात अंदाज बांधायचा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं शेवटी याच एका गोष्टीसाठी आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, उदाहरणं मुख्यतः महिला वर्ल्ड चॅम्पियनशिपची आहेत पण कुठल्याही मोठ्या स्पर्धेला यातलं बहुतेक लागू होतं.

आधी स्पर्धेचा साचा समजून घ्या, मग तिकीट काढा

महिलांची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९७९ ला स्कॉटलंडमधल्या पर्थमध्ये सुरू झाली. २०१८ पासून बहुतेक वर्षी तिथे १३ टीम असतात, प्रत्येक टीम बाकी सगळ्यांशी एकदा म्हणजे १२ मॅच खेळते, एकूण राउंड रॉबिनच्या ७८ मॅच होतात. पहिल्या ६ टीम पुढे जातात, त्यातल्या वरच्या दोन थेट सेमीफायनलला आणि बाकी चार जणी आधी क्वालिफिकेशन मॅच खेळतात. हे सगळं साधारण शनिवार ते पुढचा रविवार चालतं, आणि एका वेळी शेजारी शेजारी चार शीटवर म्हणजे बर्फाच्या पट्ट्यांवर मॅच सुरू असतात. अशा एका सेशनला तिकिटावर ड्रॉ म्हणतात, दिवसाला सहसा सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन.

तिकिटं तीन तऱ्हेची मिळतात, पूर्ण आठवड्याचा पास, शेवटच्या वीकेंडचा पास आणि एकेका ड्रॉचं सुटं तिकीट. बहुतेक लोक फायनलच्या मागे लागतात. माझा सल्ला उलटा आहे. एकच दिवस मिळणार असेल तर राउंड रॉबिनमधला बुधवार किंवा गुरुवार घ्या, तोपर्यंत टेबलात कोण वर कोण खाली ते स्पष्ट झालेलं असतं, प्रत्येक मॅचला अर्थ आलेला असतो, चार शीट चालू असतात आणि हॉल तुडुंब भरलेला नसतो त्यामुळे सीट बदलून बघता येते. फायनलला एकच शीट आणि एकच मॅच, वातावरण जबरदस्त असतं हे खरंच, पण कर्लिंग कसं बघायचं ते शिकायला तो दिवस नाही.

सुटं तिकीट काढताना ड्रॉचं टाइमटेबल समोर ठेवा. तुमच्या आवडीची टीम कुठल्या ड्रॉमध्ये आणि कुठल्या शीटवर खेळतेय ते आधीच जाहीर झालेलं असतं. १३ टीम आणि चार शीट म्हणजे प्रत्येक ड्रॉमध्ये निदान पाच टीम बसलेल्या असतात, तेव्हा हे न बघता तिकीट काढलं तर जिच्यासाठी गेलो तिची त्या वेळी मॅचच नाही असं सहज होऊ शकतं.

सीट कुठली

शीटची लांबी ४५.७२ मीटर आहे आणि रुंदी जास्तीत जास्त ५ मीटर, म्हणजे लांबलचक चिंचोळी पट्टी. दोन्ही टोकांना हाउस, ते रंगीत गोल, बाहेरचा गोल १२ फूट व्यासाचा, मधोमध बटन. एक एंड, म्हणजे दोन्ही टीमचे सगळे दगड टाकून होणारी एक फेरी, या बाजूला खेळला की पुढचा त्या बाजूला, त्यामुळे कुठेही बसलात तरी निम्मा वेळ दगड तुमच्यापासून लांब जाऊन थांबणार.

बर्फाला लागून पहिल्या रांगेत बसायचा मोह होतो, तिथे आवाज छान येतात, खेळाडूंचे चेहरे दिसतात, पण उंची नसल्यामुळे दगडांच्या मधली अंतरं अजिबात कळत नाहीत, सगळे एका रेषेत दिसतात. हाउसच्या मागच्या बाजूला, मध्यम उंचीवर किंवा त्याहून थोडं वर अशी जागा मला सगळ्यात आवडते. तिथून दगड किती वळतोय, गार्डच्या बाजूने जाणार की त्यालाच घासणार, ते खेळाडूच्या नजरेनेच दिसतं. शीटच्या लांब कडेला बसलात तर दगड डोळ्यांसमोरून आडवा जातो, तिथून वेग चांगला कळतो, लाइन कळत नाही. लांबच्या हाउससाठी छोटी दुर्बीण न्या, मोठ्या स्क्रीनवर वरून घेतलेला हाउसचा फोटो येतो तोही बघत राहा.

कपडे

बर्फाचा पृष्ठभाग उणे ५ अंशांच्या आसपास ठेवतात आणि हवाही थंडच ठेवावी लागते. मॅच अडीच ते तीन तास चालते आणि तुम्ही त्यात हलत नाही. एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन तीन पातळ थर बरे पडतात, जाड मोजे, आणि सीटवर घालायला काहीतरी, कारण थंडी खालून येते. हातमोजे न्या पण टाळ्या वाजवताना काढा, लोकरीच्या हातमोज्यांच्या टाळ्या कुणालाच ऐकू येत नाहीत.

मॅचच्या अर्धा तास आधी पोचा

हे मी जोर देऊन सांगतेय. मॅचच्या आधी आइस मेकर पाठीवर पाण्याची टाकी घेऊन उलटं उलटं चालत बर्फावर बारीक थेंब शिंपडतात, ते थेंब गोठून पेबल तयार होतं, दगड त्या खडबडीत ठिपक्यांवरून सरकतो. ते बघण्यासारखं काम आहे, एका लयीत हात हलतो, पूर्ण शीटभर सारखं पडायला हवं, कारण पुढच्या तीन तासांचा खेळ त्यावर ठरणार. आणि स्टँड भरले की माणसांच्या उष्णतेने आणि दमटपणाने हॉलची हवा बदलते, त्याचाही हिशोब या लोकांना ठेवावा लागतो, म्हणजे आपण नुसतं तिथे बसल्यानेही बर्फावर परिणाम होत असतो.

मग दोन्ही टीम थोडी थोडी प्रॅक्टिस करतात आणि शेवटी लास्ट स्टोन ड्रॉ होतो. प्रत्येक टीम दोन दगड बटनाच्या जवळात जवळ टाकायचा प्रयत्न करते, एक घड्याळाच्या दिशेने फिरवून आणि एक उलट्या, दोन्हींचं अंतर मोजून बेरीज करतात, कमी बेरीज असलेल्या टीमला पहिल्या एंडला शेवटचा दगड टाकायचा की नाही ते ठरवता येतं. या शेवटच्या दगडाला हॅमर म्हणतात. राउंड रॉबिनच्या शेवटी दोन टीमचे विजय सारखे झाले आणि आपसातल्या मॅचवरूनही निकाल लागला नाही तर याच मोजमापांची सरासरी कामाला येते, म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधी टाकलेले हे दगड आठवड्याच्या शेवटी एखाद्या टीमला घरी पाठवू शकतात. तेव्हा निम्मी लोकं अजून बाहेर कॉफीच्या लाइनीत असतात.

एकच शीट निवडा

चार मॅच चालू असताना नजर सगळीकडे फिरवली की काहीच नीट बघून होत नाही. एक शीट पकडा, निदान पाचव्या एंडपर्यंत सोडू नका. शेजारच्या शीटवर आरडाओरडा झाला तर स्क्रीनवर रिप्ले बघायला मिळेल.

स्कोअर मोजायला सोपा आहे. मॅच १० एंडची, प्रत्येक एंडला दोन्ही टीमचे ८-८ दगड, चार खेळाडू प्रत्येकी दोन दगड टाकतात आणि टीम आलटून पालटून टाकतात. १६ दगड पडले की बटनाच्या सगळ्यात जवळ ज्या टीमचा दगड त्यांनाच पॉइंट, समोरच्यांच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा आत त्यांचे जितके दगड तितके. दुसऱ्या टीमला त्या एंडला शून्य.

आता हॅमर. ज्यांनी पॉइंट घेतला त्यांना पुढच्या एंडला हॅमर मिळत नाही, तो समोरच्यांकडे जातो, आणि सगळी स्ट्रॅटेजी या एका नियमाभोवती फिरते. हॅमर असलेल्या टीमला दोन किंवा जास्त हवे असतात. एकच मिळत असेल तर कधी कधी त्या मुद्दाम शेवटचा दगड हाउसमधून बाहेर जाऊ देतात, एंड ब्लँक होतो, कुणालाच काही नाही आणि हॅमर त्यांच्याकडेच राहतो. नवीन प्रेक्षकाला वाटतं चुकलं बिचारीचं, पण बाजूचे जुने लोक मान डोलावत असतात. हॅमर नसलेल्या टीमला दोन गोष्टी चालतात, एक तर समोरच्यांना जबरदस्तीने एकच पॉइंट घ्यायला लावणं म्हणजे फोर्स, नाहीतर हॅमर नसताना स्वतःच पॉइंट मारणं म्हणजे स्टील. स्टील झालं की स्टँड उसळतो.

पहिले पाच दगड मोजा

प्रत्येक एंडचे पहिले पाच दगड पडेपर्यंत हाउसच्या पुढे असलेला समोरच्या टीमचा गार्ड उडवता येत नाही, २०१८ पासून हा पाच दगडांचा नियम आहे. त्यात मधल्या रेषेला टेकलेल्या गार्डला हळूच बाजूला सरकवणंही आता चालत नाही. त्यामुळे पहिले पाच दगड पडताना बघायचं ते हे की गार्ड कुठे लागतायत. मधल्या रेषेवर गार्ड लावले तर हॅमर नसलेली टीम स्टीलच्या तयारीत आहे, हॅमरवाल्या टीमने कडेला गार्ड लावला तर त्यांना मधला भाग मोकळा ठेवून दोन पॉइंट काढायचेत. सहाव्या दगडाला बघा, स्किप गार्ड उडवायला सांगते की त्याच्या मागे जाऊन लपवायला सांगते, तिथे त्या एंडचा मूड कळतो. हे दोन तीन एंड मोजून बघितलंत की पुढे आपोआप लक्षात यायला लागतं.

स्किपचा ब्रूम वाचायचा

आता मुख्य मुद्दा. लांबच्या हाउसमध्ये स्किप उभी असते. तिने ब्रूमने एखाद्या दगडावर ठोकलं तर तो उडवायचा आहे, म्हणजे टेकआउट. मग ब्रूम बर्फावर दुसरीकडे टेकवून दाखवलं तर मारल्यावर आपला दगड तिथे जाऊन थांबायला हवा. कॅरममध्ये सोंगटी घेतल्यावर स्ट्रायकर कुठे थांबेल याचा विचार करतो ना, तसंच. दगडावर न ठोकता नुसती बर्फावर जागा दाखवली तर ड्रॉ शॉट (दगड हाउसमध्ये आणून थांबवणं, तिकिटावरचा ड्रॉ वेगळा) किंवा गार्ड. नंतर ती ब्रूम उभा धरते, ते टारगेट, दगड त्या दिशेने सोडायचा आणि तो वळत वळत खऱ्या जागी पोचणार. एक हात बाजूला पसरते त्यावरून दगड कुठल्या दिशेने फिरवायचा ते कळतं. ब्रूम आणि खरी जागा यांच्यातलं अंतर म्हणजे दगड किती वळणार याचा तिचा अंदाज, आणि मॅच पुढे सरकेल तसं हे अंतर बदलत जातं कारण पेबल झिजतं. हे अंतर बदललेलं ज्या दिवशी तुम्हाला स्वतःला दिसेल त्या दिवशी तुम्ही कर्लिंग बघायला लागलात असं समजा.

दगड सुटला की आवाज ऐका. दगड १७.२४ ते १९.९६ किलोच्या मधला, ग्रॅनाइटचा, आणि पेबलवरून जाताना त्याचा एक घरघराट येतो जो टीव्हीवर नीट कळत नाही. दगडापुढचा बर्फ ब्रूमने घासणाऱ्या म्हणजे स्वीप करणाऱ्या दोघी आकडे ओरडतात, बऱ्याच टीम हाउसच्या पुढे गार्ड लागतात तिथपासून हाउसच्या मागच्या टोकापर्यंत १ ते १० असे भाग धरतात, ७ म्हणजे साधारण टी लाइन, बटनावरून जाणारी आडवी रेषा. दगड ४ वर थांबेल असं त्यांना वाटत असेल आणि स्किपला ७ हवा असेल तर जोरात स्वीप. स्वीप केल्याने दगड लांब जातो आणि सरळ राहतो, म्हणजे वजन (दगडाचा वेग) बघायचं काम स्वीपरचं आणि लाइन बघायचं काम स्किपचं, दोघींचं एकाच वेळी ओरडणं चालू असतं आणि त्यातून निर्णय व्हायला काही सेकंदच असतात. २०१८ च्या ऑलिंपिकला गांगनुंगमध्ये कोरियाची स्किप किम उन-जंग आपल्या लीडला (पहिले दगड टाकणारी खेळाडू) नावाने हाका मारायची, यंग-मी, यंग-मी, आणि हाकेच्या लांबीवरून आणि सुरावरून स्वीप कर की थांब ते ठरायचं, सगळ्या देशाला ती हाक पाठ झाली आणि टीमने सिल्व्हर मिळवलं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. दगड टी लाइनच्या मागे गेला की समोरच्या टीमची स्किप येऊन तो स्वीप करू शकते, तो मागे निघून जावा म्हणून. त्या क्षणी दोघी एकाच दगडावर वाकलेल्या असतात.

आणि शेवटचा दगड नेहमी स्किपच टाकते असंही नाही. स्वित्झर्लंडच्या सिल्वाना तिरिन्झोनीने २०१९, २०२१, २०२२, २०२३ अशा ओळीने चार वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकल्या, २०२० ची कोविडमुळे रद्द झाली होती, त्या टीममध्ये ब्रूम तिरिन्झोनी धरायची आणि शेवटचे दोन दगड अलिना पेट्झ टाकायची. त्यानंतर २०२४ ला कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या सिडनीत आणि २०२५ ला कोरियात उइजोंगबूला कॅनडाच्या रेचल होमनने जिंकलं, ती शेवटचे दगड स्वतः टाकते. तिची टीम समोर असेल तर टेकआउटवर लक्ष ठेवा, इतक्या जोरात मारूनही दगड हव्या त्या जागी थांबवणं सोपं नाही.

महिलांची मॅचच का बघावी असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच की मला त्यात हाउसमध्ये दगड जास्त वेळ साचलेले दिसतात, नाजूक वजनाचे शॉट, दगडाला चिकटून थांबणारे फ्रीझ, आणि त्यामुळे शेवटच्या दोन दगडांना कोडं अवघड झालेलं असतं. स्टँडमधून बघायला यापेक्षा चांगलं काही नाही.

स्टॉपवॉच

मोबाइलमधलं स्टॉपवॉच चालेल, आवाज बंद ठेवून. ड्रॉ शॉटला दगड जवळच्या हॉग लाइनला (जिच्या आधी दगड हातातून सोडावा लागतो ती रेषा) आला की सुरू करा आणि लांबच्या टी लाइनवर थांबला की बंद. चांगल्या वेगवान बर्फावर साधारण २४-२५ सेकंद येतात. आकडा जास्त म्हणजे बर्फ फास्ट, कारण हळू सोडलेला दगडही तिथवर पोचतोय. आकडा कमी व्हायला लागला म्हणजे बर्फ स्लो होतोय, जोर जास्त लागतोय, आणि कुठल्यातरी टीमचा एखादा दगड लवकरच आखूड पडणार. दगडाच्या हँडलवरचे दिवेही बघा, हॉग लाइनच्या आधी हात सोडला तर हिरवा, उशीर झाला तर लाल, आणि लाल लागला की तो दगड बाद.

टीमचं घड्याळही स्क्रीनवर असतं. १० एंडच्या मॅचला प्रत्येक टीमला विचार करायला ३८ मिनिटं मिळतात. आठव्या नवव्या एंडला कुणाचं घड्याळ कमी राहिलंय ते बघा, घाई झालेली टीम ओळखू येते.

कधी ओरडायचं, कधी नाही

खेळाडू हॅकमध्ये (दगड सोडताना पाय टेकवायची जागा) बसली की शांत. जागेवरून उठायचं नाही, विशेषतः हाउसच्या मागे बसला असाल तर, कारण तुम्ही बरोबर तिच्या नजरेसमोर असता. फ्लॅश कधीच नाही. दगड थांबला की हवा तेवढा आवाज करा, झेंडे, गळ्यातल्या घंटा, सगळं चालतं.

समोरच्या टीमचा शॉट चुकला म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. हे लेखी नियमासारखं पाळलं जातं आणि मला ते मनापासून पटतं. समोरच्यांनी चांगला शॉट मारला तर मात्र त्यांनाही टाळ्या, कर्लिंगचे प्रेक्षक त्यात कंजूषपणा करत नाहीत. शेजारच्याला काही विचारायचं असेल तर एंड संपल्यावर विचारा, जुने चाहते फार आनंदाने समजावून सांगतात, कधी कधी पुढचा अख्खा एंड. खाणं, टॉयलेट वगैरे पाचव्या एंडनंतरच्या ब्रेकला, तो छोटा असतो, पाचवा एंड संपताना लगेच निघा.

पिन अदलाबदलीची पद्धत खूप जुनी आहे, क्लबच्या, देशाच्या, स्पर्धेच्या छोट्या पिन. पहिल्या दिवशी स्पर्धेच्या पिन जास्तीच्या घेऊन ठेवा, लोक जॅकेटभर लावून फिरतात आणि त्यातून ओळखी होतात.

लवकर उठू नका

टीमला वाटलं आता शक्य नाही तर त्या दहा एंड व्हायच्या आधीच हात मिळवतात, ते सभ्यपणाचं मानतात. २०२२ ऑलिंपिक फायनलला ईव्ह म्युरहेडच्या ब्रिटिश टीमने सातव्या एंडला एकदम चार घेतले आणि मॅच १०-३ ने संपली. पण हात मिळवलेला नसेल तोपर्यंत बसा. २००५ च्या कॅनडाच्या महिला फायनलमध्ये, सेंट जॉन्सला, जेनिफर जोन्स दहाव्या एंडला ६-४ ने मागे होती आणि हातात एकच दगड. तिने हाउसच्या बाहेर असलेल्या एका दगडावर मारून आपला दगड आत वळवला, बटनावरचा समोरच्यांचा दगड उडवला आणि चार पॉइंट घेऊन ८-६ ने जिंकली. पार्किंगमधून लवकर गाडी काढायला म्हणून जे नवव्या एंडला निघतात त्यांना असं काही दिसत नाही.

दहावा एंड सुरू होताना स्कोअर सारखा असेल तर हॅमर कुणाकडे ते बघा, त्यांचं पारडं जड. हॅमर नसलेली टीम मधला भाग गार्डांनी भरून टाकेल, हॅमरवाल्या एकेक उडवत जागा मोकळी करत राहतील. शेवटी दोन दगडांपैकी कुठला जवळ ते डोळ्यांनी ठरलं नाही तर मोजपट्टीचा दांडा आणून बटनाच्या मध्यावर टेकवून फिरवतात, दोन्ही टीमच्या व्हाइस म्हणजे उपकॅप्टन बाजूला उभ्या असतात आणि अख्खा हॉल उभा राहतो.

मॅच झाल्यावर चाहत्यांच्या लाउंजला जरूर जा, कर्लिंगमध्ये जिंकलेल्यांनी हरलेल्यांना काहीतरी प्यायला द्यायची रीत आहे आणि प्रेक्षकांमध्येही तोच मोकळेपणा असतो, खेळाडूंचे आईवडील तुमच्या शेजारी बसलेले सापडतील. दुसऱ्या दिवशीच्या ड्रॉचं तिकीट असेल तर तिथेच टाइमटेबल बघून शीट ठरवून टाका, आणि आज ज्या टीमने शेवटी दगड आखूड टाकले तिची मॅच असेल तर ती घ्या, बर्फ वाचताना रात्रीतून त्यांनी काय बदललंय ते सकाळी पहिल्याच एंडला ब्रूमवरून कळेल.